न सांगितलेला नकार : सी भाषेतल्या पर्यायांची गोष्ट

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन. व्याख्यानात पडद्यावर दाखवलेल्या प्रोग्रॅमच्या ओळी वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत.)



या सभागृहात मी बरीच वर्षं मागच्या रांगेत, पंख्याखाली, श्रोता म्हणून बसलो आहे. यंदा कार्यवाहांनी मला इथे उभं केलं. म्हणाले, "आयुष्यभर जे काम केलंत त्यावर बोला. आपल्या मंडळातली निम्मी तरुण मंडळी सॉफ्टवेअरमध्येच आहेत." मी विचारलं, "आणि उरलेले निम्मे?" ते म्हणाले, "त्यांनाही कळेल असं बोला." तेव्हा प्रयत्न करतो. कुठे गाडी फार तांत्रिक रस्त्याला लागली तर पहिल्या रांगेतल्या आजींनी हात वर करावा, मी थांबेन.

विषय छोटा आहे. सी नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिताना "हे हवं, ते नको" अशा काही निवडी प्रोग्रॅम तयार होतानाच करून टाकाव्या लागतात. त्या निवडी नीटनेटक्या कशा ठेवायच्या, एवढंच मला सांगायचं आहे. पण या छोट्या गोष्टीपायी एका माणसाचं शेत माझ्या हातून वाळलं, म्हणून ती सांगायची.

आधी स्वयंपाकघरात जाऊ. माझी आई परभणीहून लग्न होऊन हैदराबादला आली तेव्हा तिने पाककृतींची एक वही बरोबर आणली होती. त्यात बटाट्याच्या भाजीचं पान असं होतं : बटाटे उकडून घ्यावेत. तेल तापवावे, उपवास असल्यास तूप. मोहरी घालावी, उपवास असल्यास जिरे. हिंग-हळद घालावी, उपवास असल्यास नको. हिरवी मिरची घालावी. मीठ घालावे, उपवास असल्यास सैंधव. वरून कोथिंबीर, उपवासाला चालत असल्यास. पान एकच, पण त्यातून भाज्या दोन-तीन निघतात. आईला काही अडचण नव्हती, तिला सगळं तोंडपाठ होतं. माझ्या बायकोने पहिल्या आषाढीला ते पान समोर ठेवून भाजी केली. एका ओळीवरची अट नजरेतून सुटली आणि भाजीत हळद पडली. घरात त्या दिवशी काय झालं ते तुम्ही समजू शकता.

त्या पानात दोन दोष होते. पहिला, अट ओळीओळीवर विखुरलेली होती. एकच प्रश्न, "आज उपवास आहे का?", पण तो पाच ठिकाणी विचारलेला. दुसरा दोष जास्त वाईट. वही मुकी असते. उपवास आहे हे तिला कोणी सांगितलं नाही, तर ती उलटून विचारत नाही, उपवास नाहीच असं धरून चालते. "उपवास नाही" असं सांगणं आणि उपवासाबद्दल काहीच न बोलणं, या दोन गोष्टी तिच्या लेखी सारख्याच. आजचं माझं सगळं बोलणं या दुसऱ्या दोषाभोवती फिरणार आहे.

आता सी भाषेकडे येऊ. डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही भाषा घडवली. आजही तुमच्या घरातल्या वॉशिंग मशीनपासून मोबाइलच्या पोटापर्यंत सगळीकडे ती आहे. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणाऱ्याला कंपाइलर म्हणतात. त्या कंपाइलरच्या आधी सी भाषेत आणखी एक जण बसलेला असतो, त्याचं नाव प्रीप्रोसेसर. हा १९७२-७३च्या सुमारास आला. सुरुवातीला त्याला दोनच कामं येत होती : दुसरी फाइल आणून चिकटवणं, आणि एका नावाच्या जागी दुसरा मजकूर घालणं. अटीप्रमाणे मजकूर ठेवणं किंवा कापणं हे काम त्याला नंतर माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी शिकवलं.

प्रीप्रोसेसर म्हणजे हातात कात्री घेतलेला कारकून समजा. त्याला सी भाषा कळत नाही, फक्त मजकूर कळतो. तुम्ही लिहिता :

#इफडेफ ड्राय_रन
(पाणी नसेल तर पंप बंद कर)
#एंडिफ

याचा अर्थ, "ड्राय_रन हे नाव तुला कोणी सांगितलेलं असेल तर मधला मजकूर ठेव, नसेल तर कापून टाक." कापलेला मजकूर कंपाइलरपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे अंतिम प्रोग्रॅम लहान होतो, आणि एकाच मूळ प्रोग्रॅममधून चार वेगवेगळी यंत्रं चालवता येतात. उपवासाची आणि बिनउपवासाची भाजी एकाच पानातून.

कोणी म्हणेल, यंत्र चालू असतानाच का नाही विचारत? मोठ्या संगणकावर तसंच करावं. पण मी ज्या कंपनीत होतो तिथे आम्ही शेतीपंपांचे कंट्रोलर करायचो. त्यातल्या चिपमध्ये प्रोग्रॅमला जागा ८ किलोबाइट. मोबाइलमधला एक साधा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. न लागणारी एक ओळही आत ठेवायला परवडत नव्हतं. म्हणून कात्री लागायची.

आता माझी चूक. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बोअरमध्ये सोडलेल्या सबमर्सिबल पंपाची मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते. बोअर कोरडी पडली आणि पंप तसाच फिरत राहिला तर आधी बेअरिंग जातं, मग वाइंडिंग जळतं. याला ड्राय रन म्हणतात. उपाय सोपा आहे. पाणी नसलं की मोटरवरचा भार कमी होतो आणि ती ओढत असलेला करंटही उतरतो. तेवढं पाहिलं की कंट्रोलरने पंप बंद करायचा. आमच्या सिंगल-फेजच्या डब्यात ही सोय दोन वर्षं उत्तम चालली होती. मग थ्री-फेजचं नवं मॉडेल आलं. प्रोग्रॅम तोच, फक्त पर्यायांची नवी फाइल करायची होती. ती मी केली, संध्याकाळी घरी जायच्या घाईत, हाताने टाइप करून.

प्रोग्रॅममध्ये नाव होतं ड्राय_रन, मधे एक आडवी रेघ. माझ्या फाइलीत मी लिहिलं ड्रायरन, रेघेशिवाय. बस, एवढंच. कारकुनाने पाहिलं, ड्राय_रन नावाचं कोणी काही सांगितलेलं नाही. त्याने तो भाग कापून टाकला. चूक नाही, इशारा नाही, प्रोग्रॅम झाला तयार. चाचणी घेणाऱ्यांनी थ्री-फेजचं तेवढं तपासलं, बाकी "तोच तर प्रोग्रॅम आहे" म्हणून सोडून दिलं. डब्यावरच्या स्टिकरवर मात्र ठळक छापलेलं होतं : ड्राय रन संरक्षण.

उन्हाळ्यात एक दिवस ऑफिसच्या दारात नांदेड जिल्ह्यातले एक शेतकरी आले. रात्रीच्या एसटीने डबा गोणीत घालून आणला होता. मराठी बोलणारा म्हणून मला खाली बोलावलं. रात्री थ्री-फेज वीज यायची, आली की पंप आपोआप सुरू व्हायचा. एका रात्री बोअर आटली आणि पंप सकाळपर्यंत कोरडा फिरला. मोटर जळली. ती वर काढायला माणसं, चेन-पुली, मग रिवाइंडिंग, यात पंधरा दिवस गेले आणि तेवढ्यात उन्हाळी भुईमूग वाळून गेला.

मी म्हटलं, "काका, तपासून बघतो, काहीतरी बिघाड असेल." ते शांतपणे म्हणाले, "साहेब, डब्यावर लिहिलंय म्हणून मी निवांत झोपलो. ह्यात ती सोय नाही असं सांगितलं असतं, तर मी रात्री उठून बघितलं असतं की."

मी वर जाऊन प्रोग्रॅम उघडला. रेघ सापडायला दोन तास लागले. पहिल्या खेपेचे दोनशे डबे बाहेर गेले होते. पुढचा महिना आम्ही गावोगाव फिरून चिपा बदलल्या. त्यांच्या मोटरचा खर्च कंपनीने दिला. भुईमुगाचा खर्च कोणाच्या हिशेबात बसला नाही.

ते वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही. नाही म्हणून सांगितलं असतं तर मी उठून बघितलं असतं. पुढे अनेक वर्षं मी हा प्रश्न सी भाषेच्या अंगाने सोडवत राहिलो : प्रोग्रॅममध्ये न सांगितलेला नकार कसा पकडायचा?

आधी तो कुठे कुठे लपतो ते पाहू. एक तर मी केली ती, नाव चुकण्याची जागा. दुसरी जागा अशी की कोणीतरी शहाणपणाने लिहितो, "#डिफाइन ड्राय_रन ०". त्याच्या मनात आहे, ही सोय नको. पण इफडेफ फक्त नाव सांगितलं आहे का एवढंच बघतो, त्यापुढचं शून्य वाचतच नाही. म्हणजे नको म्हटलेली सोय आत येते. तिसरी जागा, पर्यायांची फाइल चिकटवायलाच विसरणं. पंचवीस फाइलींपैकी एका फाइलीत ती ओळ राहिली की त्या फाइलीपुरते सगळे पर्याय गुपचूप बंद.

चौथी जागा तर मजेशीर आहे. समजा लिहिलं, "#इफ मॉडेल == थ्री_फेज". यातली दोन्ही नावं कोणी सांगितलेलीच नसतील तर काय होईल? सी भाषेचा नियम असा आहे की अशा अटीत अनोळखी नाव आलं की त्याच्या जागी शून्य धरायचं. शून्य बरोबर शून्य. अट खरी! ज्या घरात कोणालाच काही माहीत नाही तिथे एकमताने निर्णय होतो, तसं.

आता उपाय. पहिला उपाय, प्रत्येक पर्यायाला नेहमी किंमत द्यायची. हो असेल तर १, नाही असेल तर ०, आणि दोन्ही वेळा ते लिहायचं. मग इफडेफ वापरायचं नाही, साधं "#इफ ड्राय_रन" वापरायचं. जोडीला जीसीसीसारख्या कंपाइलरला सांगायचं की अनोळखी नाव अटीत दिसलं तर शून्य धरून पुढे जाऊ नकोस, ओरड. त्या सोयीचं नाव डब्ल्यू-अनडेफ. ती नेहमीच्या इशाऱ्यांत आपोआप येत नाही, वेगळी मागून घ्यावी लागते. त्या इशाऱ्याला चूक ठरवून कंपाइल थांबवताही येतं. माझ्या फाइलीला ही एक गोष्ट लावलेली असती तर त्या संध्याकाळी दहा सेकंदांत रेघ सापडली असती. फाइल चिकटवायला विसरण्यावरही उपाय आहे. पर्यायांची फाइल प्रत्येक फाइलीच्या आधी आपोआप चिकटव, असं कंपाइलरलाच सांगता येतं. माणसाच्या आठवणीवर काही सोडायचं नाही.

या बाबतीत लिनक्सच्या कर्नलकडून मला फार शिकायला मिळालं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. त्यात असे दहा हजारांहून जास्त पर्याय आहेत. ते सगळे केकॉन्फिग नावाच्या पद्धतीने लिहिलेले असतात : पर्यायाचं नाव, तो कशावर अवलंबून आहे, न सांगितल्यास काय धरायचं, आणि चार ओळींत त्याचा अर्थ. निवड झाल्यावर एक फाइल तयार होते. जे पर्याय विचारले पण निवडले नाहीत, त्यांच्याबद्दलही त्या फाइलीत स्वतंत्र ओळ असते की हा ठेवलेला नाही. नकार लिहून ठेवलेला असतो. कर्नलची नवी आवृत्ती आली की जुनी फाइल देऊन ओल्डकॉन्फिग नावाची आज्ञा चालवतात. ती फक्त त्याच पर्यायांबद्दल विचारते ज्यांच्याविषयी जुन्या फाइलीत होही नाही आणि नाहीही नाही. ज्याला आधी नाही म्हटलंय त्याबद्दल पुन्हा छळत नाही. आईच्या वहीला हे जमलं असतं तर आषाढीची भाजी वाचली असती.

दुसरा उपाय, अटी मजकुराच्या मधून बाहेर काढायच्या. स्वयंपाकिणीने काय करावं? फोडणीची दोन वेगळी पानं करावीत, उपवासाची फोडणी आणि रोजची फोडणी. मग भाजीच्या पानावर लिहावं : बटाटे उकडावेत, फोडणी घालावी, मीठ घालावं. कोणती फोडणी, ते सुरुवातीला एकदाच ठरवायचं.

सी भाषेत याचा अर्थ असा. मोटर सुरू करणं सिंगल-फेजला वेगळं आणि थ्री-फेजला वेगळं असेल, तर दोन वेगळ्या फाइली कराव्यात. फंक्शनचं नाव दोन्हींत एकच ठेवावं आणि कोणती फाइल घ्यायची ते मेकफाइलमध्ये एका ठिकाणी ठरवावं. एखादी सोय बंद असेल तर हेडर फाइलीत त्याच नावाचं रिकामं फंक्शन ठेवावं. मग मुख्य प्रोग्रॅम अटीशिवाय सरळ वाचता येतो. लिनक्स कर्नलच्या लेखनशैलीच्या नियमांतही हेच सांगितलं आहे की शक्य तिथे या अटी सी फाइलींत नकोत, हेडरमध्ये ठेवा. त्याही आधी, १९९२ साली, हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी युसेनिक्सच्या परिषदेत सी न्यूज या प्रोग्रॅमच्या अनुभवावर एक निबंध मांडला होता. सी न्यूज अनेक प्रकारच्या संगणकांवर चालवायचा होता. त्यांचं सांगणं असं की वेगवेगळ्या यंत्रांवर प्रोग्रॅम चालवायला इफडेफ पेरत जाणं हा मार्ग नाही. यंत्रायंत्रांतला फरक एका ठिकाणी, चांगल्या आखलेल्या फंक्शनच्या आड ठेवा.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो. अट कारकुनाला न देता कंपाइलरलाच द्यायची. "#इफ" ऐवजी सी भाषेतलं साधं "इफ" वापरायचं : इफ (ड्राय_रन). ड्राय_रन शून्य असेल तर ही अट कधीच खरी होणार नाही हे कंपाइलरला दिसतं, आणि ऑप्टिमायझेशन चालू असलं की तो भाग अंतिम प्रोग्रॅममधून गळून जातो. जागा तेवढीच वाचते. फरक एवढाच की गाळण्याआधी कंपाइलर तो भाग वाचतो आणि तपासतो. कोणी फंक्शनचं नाव बदललं, एखादा आकडा चुकीच्या जातीचा दिला, तर सोय बंद असतानाही चूक लगेच कळते. कात्रीने कापलेला कागद मात्र कोणीच वाचत नाही. वर्षभराने तो पर्याय चालू केला की एकदम चाळीस चुका! कर्नलमध्ये यासाठी इज-एनेबल्ड नावाचा मॅक्रो आहे. अर्थात हे सगळीकडे चालत नाही. जे फंक्शन कुठे जाहीरच केलेलं नाही, किंवा स्ट्रक्चरमधला जो भाग त्या मॉडेलमध्ये नाहीच, त्याचा उल्लेख आला की कंपाइलर अडतो. तिथे पुन्हा हेडर आणि रिकामं फंक्शन.

स्ट्रक्चरचा विषय निघाला म्हणून तरुणांना एक धोक्याची सूचना. स्ट्रक्चरच्या मधोमध अट घालून त्याचा आकार बदलू नका. एक फाइल पर्याय चालू असताना कंपाइल झाली आणि दुसरी जुनीच राहिली, तर दोघी एकाच वस्तूबद्दल बोलतात पण मोजमाप वेगळं. एक तिसऱ्या खणात ठेवते, दुसरी चौथ्यात शोधते. असे बग रात्र रात्र जागवतात.

चौथा उपाय, न जमणाऱ्या जोड्या तिथेच नाकारायच्या. थ्री-फेज आणि सिंगल-फेज दोन्ही १ असतील, किंवा दोन्ही ० असतील, तर "#एरर" लिहून कंपाइलच थांबवायचं आणि का थांबवलं ते साध्या भाषेत लिहायचं. २०११च्या सी प्रमाणात स्टॅटिक-असर्ट नावाची सोयही आली आहे. तिच्याने स्ट्रक्चरचा आकारसुद्धा कंपाइल होतानाच तपासता येतो.

आता इंटरनेटवरचं एक गाजलेलं प्रकरण. एप्रिल २०१४मध्ये हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीला आला. ओपनएसएसएल या प्रोग्रॅममधला. इंटरनेटवरचे असंख्य सर्व्हर आपलं संभाषण गुप्त ठेवायला तो वापरत. त्यात हार्टबीट नावाची एक छोटी सोय होती, समोरचा अजून जोडलेला आहे ना हे पाहण्याची. तिच्यातल्या चुकीमुळे बाहेरचा माणूस सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत वाचू शकत होता. दुरुस्त आवृत्ती आलीच, पण ज्यांना ती लगेच घेता येत नव्हती त्यांना सांगण्यात आलं, एक पर्याय देऊन प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करा. त्या पर्यायाचं नाव होतं ओपनएसएसएल_नो_हार्टबीट्स.

नाव नीट ऐका. नो_हार्टबीट्स. आत अट अशी : नो_हार्टबीट्स सांगितलेलं नसेल तर हा भाग ठेव. म्हणजे इथे गप्प बसण्याचा अर्थ "हो" होता. माझ्या डब्यात गप्प बसण्याचा अर्थ "नाही" झाला आणि संरक्षण गेलं. तिथे गप्प बसण्याचा अर्थ "हो" झाला आणि ज्यांनी ती सोय कधी मागितलीच नव्हती त्यांच्या सर्व्हरवरही ती बसली. म्हणून पर्यायाचं नाव नकाराने सुरू करू नये. "नसेल तर नाही नको" हे वाक्य मराठीत कळत नाही, तर सी भाषेत कसं कळेल?

याच प्रकरणातला दुसरा भाग तितकाच शिकवणारा आहे. ओपनएसएसएल मोकळी झालेली स्मृती परत न करता स्वतःजवळ साठवून पुन्हा वापरत असे. हे बंद करण्याचाही पर्याय होता. ओपनबीएसडीच्या टेड अनंगस्ट यांनी तो वापरून पाहिला, तर प्रोग्रॅम धड चालेना. कारण आत एका ठिकाणी स्मृती सोडून दिल्यावर तीच, तशीच, पुन्हा हातात येईल असं गृहीत धरलं होतं. पर्याय पाटीवर होता, पण त्या वाटेने बहुधा कोणी चाललंच नव्हतं. पुढे ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएलची वेगळी शाखा काढली, लिब्रएसएसएल, आणि पहिल्याच आठवड्यात सी प्रोग्रॅमच्या ९०,००० हून जास्त ओळी काढून टाकल्या. त्यात जुन्यापुराण्या यंत्रांसाठी ठेवलेल्या अटींचा मोठा भाग होता.

तेव्हा पाचवा नियम : जी वाट तुम्ही कंपाइल करून चालवून पाहत नाही, ती देऊ नका. हिशेब करा. हो-नाहीचे दहा पर्याय असले तर १,०२४ वेगवेगळे प्रोग्रॅम होतात. वीस असले तर १०,४८,५७६. सगळे कोणी तपासू शकत नाही. पण जे विकता ते सगळे, शिवाय एक "सगळं चालू" आणि एक "सगळं बंद", एवढे रोज रात्री आपोआप कंपाइल करता येतात. कर्नलवाले याच्या जोडीला रँडकॉन्फिग वापरतात, म्हणजे चिठ्ठ्या टाकून पर्याय निवडायचे आणि कंपाइल होतं का बघायचं. आणि जो पर्याय कोणीच वापरत नाही तो आणि त्याची अट, दोन्ही काढून टाका. गणपती झाल्यावर मखर उतरवतो ना आपण, तसं.

शेवटचा नियम, यंत्राला बोलू द्या. कोणते पर्याय घालून प्रोग्रॅम तयार केला ते प्रोग्रॅमनेच सांगितलं पाहिजे. तरुण मंडळी विम हा एडिटर वापरत असतील. त्याला आवृत्ती विचारली तर तो सोयींची यादी देतो. असलेल्या सोयीपुढे अधिकचं चिन्ह, नसलेल्या सोयीपुढे उण्याचं. नसलेली सोयही नाव घेऊन सांगतो. एसक्यूलाइट हा डेटाबेस विचारल्यावर स्वतःचे कंपाइलचे पर्याय वाचून दाखवतो. कर्नलही आपल्या पोटात पर्यायांची फाइल ठेवू शकतो.

त्या उन्हाळ्यानंतर आम्ही आमच्या डब्यात एवढं केलं. डबा सुरू झाला की छोट्या पडद्यावर पहिल्या तीन सेकंदांत ओळ येते : ड्राय रन आहे, किंवा ड्राय रन नाही. ही ओळ छापणारा भाग त्याच किंमतीवरून चालतो जिच्यावर संरक्षण चालतं, वेगळ्या स्टिकरवरून नाही. या ओळीला ८ किलोबाइटांतले चाळीसेक बाइट गेले. कारखान्यातल्या मुलीही पॅकिंगच्या आधी ती ओळ आणि स्टिकर जुळतात का पाहू लागल्या. पुढच्या वर्षी अशीच एक गफलत झाली, या वेळी दुसऱ्याच्या हातून, आणि ती गोदामातच पकडली गेली.

नव्या मॉडेलचा पहिला डबा घेऊन मी स्वतः नांदेडच्या त्या काकांकडे गेलो होतो. बोअरला तेव्हा थोडं पाणी होतं. त्यांनी डबा लावला, पडद्यावरची ओळ वाचली. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी पंप सुरू केला, बोअरच्या तोंडाजवळचा व्हॉल्व्ह फिरवून पाणी अडवलं आणि करंट उतरून पंप आपोआप बंद होईपर्यंत तिथेच उकिडवे बसून राहिले. बंद झाल्यावर उठले आणि म्हणाले, "आता झोपायला हरकत नाही." मग चहा झाला.

मित्रहो, माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी हेच सांगत आलो. नाही म्हणण्यात कमीपणा नाही. नाही म्हटलेलं ऐकून समोरचा माणूस रात्री उठून बघू शकतो. तेव्हा आपल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नकार लिहिलेला असू द्या, आणि जिथे कोणी काहीच बोललेलं नाही तिथे कंपाइलरला ओरडू द्या.

आजींनी एकदाही हात वर केला नाही, त्याबद्दल त्यांचे विशेष आभार. 

गणपती बाप्पा मोरया!